निल लिहिण्यापूर्वी

वीर्यतपासणीचा नमुना लॅबमध्ये आला की पहिला अर्धा तास त्याला हात लावायचा नसतो. घट्ट असलेला द्रव शरीराइतक्या उबेत ठेवला की आपोआप पातळ होतो आणि तो पातळ झाल्याशिवाय मोजणीला अर्थ नसतो. मग त्याचे आकारमान पाहायचे, एक थेंब स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिप ठेवायची, मायक्रोस्कोपखाली हालचाल पाहायची आणि शेवटी काचेवर आखलेल्या बारीक चौकटींत एकेक शुक्राणू मोजायचा, असा क्रम असतो. निरोगी पुरुषाच्या थेंबात एवढी गर्दी असते की तो आधी विरळ करून घ्यावा लागतो. एखाद्या नमुन्यात मात्र एकही शुक्राणू दिसत नाही. अशा वेळी अहवालावर लगेच ‘निल’ लिहायचे नसते. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवायचा, तळाशी बसलेला गाळ घ्यायचा आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासायचा. तिथेही काही सापडले नाही तरच शून्य लिहायचे, आणि तेही काही आठवड्यांनी दुसरा नमुना पाहीपर्यंत कच्चेच समजायचे. नागपुरात धंतोलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षे हे काम करते. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे, त्यातले निदान-उपचाराचे भाग वाचून आणि आमच्या डॉक्टरांना विचारून समजून घेतलेले आहेत, आणि बाकीचे काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पूर्वी ‘निल’ अहवालामागची कारणे ठरावीक असत. कुणाची वृषणे लहानपणी पोटातच राहिलेली असत, कुणाला वयात आल्यावर झालेले गालगुंड वृषणांपर्यंत उतरलेले असे, कुणाच्या नलिका क्षयाने बंद झालेल्या असत, तर कुणाला जन्मतःच शुक्रवाहिन्या नसत. गुणसूत्रांत एक क्ष जास्त असलेले पुरुषही अधूनमधून सापडत. या यादीत गेल्या काही वर्षांत एका नव्या कारणाची, जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची, भर पडली आहे. पंचविशी-तिशीतला, भरदार खांद्यांचा, दंडावर टी-शर्ट ताणला गेलेला तरुण येतो, नमुना देतो, आणि त्याचा गाळ मी कितीही वेळ पाहिला तरी स्लाइड रिकामीच राहते. पिळदार शरीर दिसले की स्टेरॉइड असणारच, असे मला मुळीच म्हणायचे नाही. नुसत्या व्यायामावर आणि घरच्या जेवणावर शरीर कमावलेल्या कितीतरी मुलांचे अहवाल उत्तम असतात. पण जिममध्ये ज्याला ‘सायकल’ म्हणतात ती, म्हणजे स्टेरॉइडचा ठरावीक काळाचा कोर्स, केलेल्यांचे अहवाल पाहिले की शरीर पाहून पुरुषाच्या प्रजननक्षमतेबद्दल काहीही सांगता येत नाही, हे मला दर वेळी नव्याने पटते.

दम्यासाठी किंवा कोविडच्या काळात दिलेले स्टेरॉइड वेगळे, हे आधी स्पष्ट केलेले बरे, कारण म्युकरमायकोसिसच्या लाटेनंतर आपल्याकडे स्टेरॉइड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तीच इंजेक्शने येतात. जिममधली औषधे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या कुळातली असतात. सस्टानॉन आणि डेका ही तेलकट इंजेक्शने, डायनाबोल आणि विन्स्ट्रॉल या गोळ्या. ती वृषणांचे काम कसे थांबवतात हे समजायला फार कठीण नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून थोड्या थोड्या वेळाने एक संप्रेरक सुटते. त्याच्या आज्ञेने पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणांतल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, तर एफएसएचमुळे सर्टोली पेशी वाढत्या शुक्राणूंचे पोषण करतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन किती आहे, यावर मेंदूचे सतत लक्ष असते, पण ते वृषणांतून आले की कमरेत टोचलेल्या सुईतून, हे त्याला कळत नाही. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन भरपूर आले की तो आज्ञा देणे थांबवतो, आणि एलएच व एफएसएच दोन्ही जवळजवळ शून्यावर येतात.

खरी गोम त्यापुढे आहे. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा सुमारे ५० ते १०० पट असते आणि शुक्राणू पूर्ण तयार व्हायला ते तेवढे असावेच लागते. सुईने रक्तातली पातळी दुप्पट-चौपट केली, तरी वृषणातली ती पातळी गाठता येत नाही. उलट एलएच थांबल्यामुळे वृषण स्वतःचे उत्पादन बंद करते आणि त्याच्या आतले प्रमाण कोसळते. म्हणजे ज्या पुरुषाच्या रक्तात पौरुषाचे संप्रेरक ओसंडून वाहत असते, त्याच्या वृषणात नेमका त्याचाच दुष्काळ पडलेला असतो. शुक्राणू तयार व्हायला अंदाजे ७४ दिवस लागतात आणि बाहेर येईपर्यंतच्या प्रवासाला आणखी दोनेक आठवडे, त्यामुळे परिणाम आजच्या आज दिसत नाही. आज माझ्या स्लाइडवर जे दिसते, ते त्या पुरुषाच्या शरीरात तीन महिन्यांपूर्वी काय घडले त्याचे असते.

या परिणामाला ‘साइड इफेक्ट’ म्हणावे की नाही, याबद्दल मला शंका आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेने हाच परिणाम मुद्दाम घडवून पाहिला होता. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉन वापरता येईल का, हे पाहण्यासाठी सात देशांतल्या २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटचे इंजेक्शन देण्यात आले आणि १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या आत त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या वीर्यातले शुक्राणू पूर्णपणे नाहीसे झाले, आणि अशा १५७ जोडप्यांनी पुढे वर्षभर दुसरे कोणतेही साधन वापरले नाही, तरी एकच गर्भधारणा झाली. चीनमधल्या पुरुषांत शुक्राणू नाहीसे होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त होते. आता जिमकडे वळू. तिथे आठवड्याला ५०० मिलिग्रॅम ही नवख्याची मात्रा समजली जाते, आणि मुरलेले गडी त्यावर दुसरी-तिसरी औषधे चढवून ‘स्टॅक’ करतात. थोडक्यात, ज्या औषधाच्या निम्म्याहून कमी मात्रेची शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक म्हणून परीक्षा घेतली, तेच औषध मुले लग्न ठरण्याच्या वयात घेत असतात.

आणि कळत काहीच नाही. वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि शुक्राशय या ग्रंथींतून येतो. शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा असतो, त्यामुळे शुक्राणू शून्य झाले तरी वीर्य तेवढेच, तसेच दिसते. सायकल चालू असताना कामेच्छा कमी होण्याऐवजी बहुधा वाढते. वृषणे लहान होतात हे खरे, कारण त्यांचे बहुतांश आकारमान शुक्राणू तयार करणाऱ्या नलिकांचेच असते, पण ते आकुंचन सावकाश होते आणि कुणाच्या लक्षात आलेच तरी मित्राला विचारण्यासारखी ती गोष्ट नसते. छाती स्त्रीसारखी वाढू लागली की मात्र मुले घाबरतात, कारण ती आरशात दिसते. यकृत, हृदय, कोलेस्टेरॉल यांचे दुष्परिणाम निराळे. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

विदर्भात तरी हे समजावून सांगायला लॅबची गरज पडू नये. पोळ्याला तोरणाखाली उभ्या केलेल्या बैलजोड्यांचे खांदे, माना, पुठ्ठे लोक डोळे भरून पाहतात, आणि त्यांपैकी एकही बैल वंश वाढवणारा नसतो. सगळे खच्ची केलेले असतात. ताकदीचा बैल निराळा आणि वळू निराळा, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच गावातून शिकायला, नोकरीला नागपुरात आलेला मुलगा मात्र मानेवाडा किंवा नंदनवनमधल्या जिमच्या भिंतीवरचे फोटो पाहून शरीर आणि पौरुष एकच समजतो, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचे घरचेही तसेच समजतात.

या घरच्यांमुळेच मला हा विषय लिहावासा वाटला. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की तपासणीला पहिल्यांदा सून येते. तिचे थायरॉइड, तिचे एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी), तिच्या सोनोग्राफ्या, तिच्या नळ्यांचा एक्स-रे, आणि कधी कधी दुर्बिणीतून केलेली तपासणीही. तिची फाइल जाडजूड होते. टेकडीच्या गणपतीला नवस होतो, कोराडीला जाऊन ओटी भरली जाते, ताजबागेत चादर चढते. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचेही कारण एकटे किंवा जोडीने असते, हे माहीत असूनही, काही शे रुपयांत होणारी आणि कुठेही न दुखणारी त्याची तपासणी सगळ्यांत शेवटी होते. नवरा पिळदार असला तर ती आणखी लांबते. एका सासूबाईंनी काउंटरवर मला समजावले होते, “आमचा पोरगा पाहा ना तुमी, पैलवानावानी हाय. त्याच्यात काय खोट निघन?” मुलगा शेजारीच उभा होता आणि तो भिंतीवरच्या दरपत्रकाकडे पाहत होता. त्याला आतून काही माहीत होते की नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही. माझा अनुभव असा, की बहुतेकांना अर्धवट माहीत असते. सायकल संपली की दोन महिन्यांत सगळे पूर्ववत होते, असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते.

या फाइलींमध्ये एक गोष्ट वारंवार डोळ्यांत भरते. सुनेच्या चिठ्ठीत क्लोमिफीन असते, बीज तयार व्हावे म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेले. जिममध्ये सायकल संपल्यावर वृषणे पुन्हा सुरू व्हावीत म्हणून जो ‘पीसीटी’ नावाचा कोर्स सांगितला जातो, त्यातही क्लोमिफीनच असते. एकाच घरात, एकाच कपाटात एकाच गोळीची दोन पाकिटे असतात. एक उघड, डॉक्टरांच्या सहीचे, आणि दुसरे खेळाच्या बॅगेत. तिला वाटत असते की दोष आपल्यात आहे, आणि तिची गोळी ज्या दोषासाठी चालू आहे, त्याचा उगम त्या खेळाच्या बॅगेत असतो.

अर्ज भरताना आम्ही पूर्वी विचारत असू, “काही औषधे चालू आहेत का?” उत्तर यायचे, “नाही.” हे खोटे नसे. जिममध्ये जे घेतले ते औषध आहे असे त्या मुलांना वाटतच नाही. औषध आजाऱ्याने घ्यायचे असते. आमच्या डॉक्टरांनी मग प्रश्न बदलून घेतला: “जिममध्ये कधी इंजेक्शनचा किंवा गोळ्यांचा कोर्स केला आहे का, अगदी वर्षभरापूर्वी का असेना?” त्यानंतर उत्तरे बदलली. कुणी बरोबरच्या माणसाकडे पाहून घेतो, कुणी पेन हातात घेऊन म्हणतो, “ते लिहून राहिलो मी, तुमी नका विचारू.” वर्षभरापूर्वीचे विचारायलाच हवे, कारण काही इंजेक्शने फार काळ रेंगाळतात, नॅन्ड्रोलोन, म्हणजेच डेका, घेतल्याच्या खुणा लघवीत कित्येक महिन्यांनंतरही सापडतात.

कारण कळण्याने फरक पडतो, तो असा. वृषणच निकामी झाले असेल तर पिट्युटरी जोर लावत राहते आणि एफएसएच वाढलेले दिसते. स्टेरॉइडने थांबलेल्या वृषणांच्या मागे एलएच आणि एफएसएच दोन्ही तळाला असतात. काउंट दोन्हीकडे निलच, पण पहिल्यात मार्ग थोडे असतात, तर दुसऱ्यात वृषण बहुधा धडधाकट असते आणि फक्त आज्ञेची वाट पाहत असते. सगळ्या निल अहवालांत हा सर्वांत आशेचा म्हणायला हवा. संप्रेरकांच्या गर्भनिरोधक चाचण्यांत भाग घेतलेल्या पुरुषांची आकडेवारी २००६ मध्ये एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा औषध थांबवल्यावर ६७ टक्क्यांचा काउंट सहा महिन्यांत, ९० टक्क्यांचा वर्षभरात आणि जवळजवळ सगळ्यांचा दोन वर्षांत पुन्हा दर मिलिलिटरला २ कोटींवर आला होता. मात्र ते पुरुष मोजलेली, शुद्ध मात्रा ठरावीक काळ घेत होते. वर्षानुवर्षे तीन-चार औषधे एकत्र घेणाऱ्याला, आणि त्यातही बाटलीत नेमके काय आहे हे ठाऊक नसणाऱ्याला, ती टक्केवारी जशीच्या तशी लावता येत नाही. डेन्मार्कमध्ये व्यायामशाळांतही डोपिंगची तपासणी होते. तिथे पकडल्या गेलेल्या ५४५ पुरुषांच्या अभ्यासात असे दिसले, की त्याआधीच्या दहा वर्षांत त्यांना मुले होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होते, पण पुढे ती तूट बरीचशी भरून निघाली. म्हणजे बहुतेकांचे मूल जाते असे नाही, वर्षे जातात. आणि ती वर्षे नवऱ्याच्या वयातून गेली तर फारसे बिघडत नाही, पण त्याच काळात बायको तिशीतून पस्तिशीकडे सरकलेली असते.

उपचार आहेत. एचसीजी हे इंजेक्शन एलएचचे काम करते, गरज पडल्यास एफएसएचही दिले जाते, आणि क्लोमिफीन पिट्युटरीला पुन्हा कामाला लावते. फक्त ते सगळे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दर काही आठवड्यांनी रक्त तपासून व्हायला हवे. एचसीजी गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून काढले जाते, हे ऐकून एक तरुण इतका संकोचला होता की मला त्याला सांगावे लागले, पौरुषाच्या संप्रेरकांचा इतिहासही लघवीतूनच सुरू होतो: १९३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे १५,००० लिटर मूत्र, तेही पोलिसांचे, आटवून जेमतेम १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले, १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन कृत्रिमरीत्या तयार झाले, आणि १९३९ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. तो हसला, आणि मला वाटते, त्या हसण्यामुळेच पुढच्या तपासण्यांना वेळेवर आला.

सगळेच येत नाहीत. सुई बंद केल्यानंतरचे महिने फार वाईट असतात. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन संपलेले असते आणि आतले अजून सुरू झालेले नसते. माणूस गळून जातो, इच्छा राहत नाही, मन उदास होते, आणि कमावलेले शरीर आठवड्यागणिक उतरत जाते. ज्याने स्वतःला आरशातूनच ओळखायला शिकलेले असते, त्याला हे सोसवत नाही, आणि तो ‘एकच छोटी सायकल’ म्हणून पुन्हा तिकडे वळतो. या टप्प्यावर त्यांना रागावण्याने काही साधत नाही. पहाटे उठून वर्षानुवर्षे वजने उचलण्याचे कष्ट त्यांनी खरोखर घेतलेले असतात; सुईने ते कष्ट खोटे ठरत नाहीत. जेम्स मॉसमन आणि ॲलन पेसी या दोन संशोधकांनी या प्रकारातला विरोधाभास नोंदवला आहे: जोडीदाराला आकर्षक दिसावे म्हणून पुरुष जे करतो, त्यानेच त्याची वंश चालवण्याची शक्ती जाते.

मला राग येतो तो दुसऱ्याच एका प्रकाराचा. काउंट कमी आहे म्हणून घाबरलेला नवरा कुठल्यातरी दवाखान्यात जातो आणि तिथे त्याला ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून टेस्टोस्टेरॉनच दिले जाते. असा एक नमुना आमच्याकडे दर मिलिलिटरला काही लाखांवर आला होता आणि इंजेक्शनांनंतर निल झाला. मूल हवे असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, हे अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि हे औषध आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकायचे नसते. जिममधल्या मुलाला निदान आपण काहीतरी चोरून करतो आहोत हे माहीत असते. या माणसाकडे तर चिठ्ठी होती.

गेल्या महिन्यात एका ट्रेनरचा फोन आला. त्याच्या जिममधल्या काही मुलांची लग्ने ठरत होती, आणि सायकलच्या आधी एक व नंतर एक अशा तपासण्या एकदम केल्या तर दरात सवलत मिळेल का, असे त्याने विचारले. आमच्या डॉक्टरांना हे मुळीच आवडले नाही. आपण असे करून सायकलला शिक्का मारून देऊ, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते निम्मे पटले. बाकीच्या निम्म्यात मला असे वाटते, की निदान एका माणसाला, आणि तोही मुले ज्याचे ऐकतात असा, हा हिशेब लग्नाआधी मांडावासा वाटला, सुनेची फाइल जाड झाल्यानंतर नव्हे. मी त्याला सांगितले, “दर तोच राहील, दादा. नंतरची तपासणी एक करून भागणार नाही. तीन-तीन महिन्यांनी कराव्या लागतील, त्याही वर्षभर किंवा जास्त, आणि सोबत एलएच-एफएसएच. त्यांच्या होणाऱ्या बायकांना सांगणार आहेत का, तेही विचारून घ्या.” त्याने ठीक आहे म्हटले, आणि त्या प्रत्येक तपासणीचा वेगवेगळा दर लिहून घेतला.